तयार कपड्यांची मापे आणि मापाबाहेरच्या मुली

स्त्रियांच्या तयार कपड्यांना ठरावीक मापे असावीत, ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची आहे. पुरुषांचे कपडे या वाटेने आधी गेले. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१-६५) गणवेश मोठ्या संख्येने लागले, सैनिकांची मापे घेतली गेली आणि छाती-कंबरेच्या काही जोड्या पुन्हा पुन्हा येतात हे कारखानदारांच्या ध्यानात आले. स्त्रियांचे कपडे पुढेही बराच काळ घरी किंवा शिवणकाम करणाऱ्या बायकांकडेच बेतले जात. विसाव्या शतकात तयार पोशाख टपालाने मागवण्याची पद्धत फोफावली, तेव्हा प्रत्येक उत्पादक आपापल्या मर्जीने आकडे लावत होता. अंगाला न बसल्याने परत येणारा माल व्यापाऱ्यांना डोईजड झाला.

त्यावर उपाय म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रिया मोजल्या, त्याही प्रत्येकीची ५९ मापे घेऊन. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांचा अहवाल १९४१ मध्ये निघाला. काही ठिकाणी गौरेतर स्त्रियांची मापे घेतली गेली, पण ती हिशेबात धरली नाहीत. म्हणजे ‘अमेरिकन स्त्री’ची जी आकृती कागदावर उतरली ती एकाच वर्णाची होती. उंची आणि वजन यांवरून माप ठरवणे सर्वांत भरवशाचे, असा अहवालाचा कल होता. पण दुकानात वजन सांगायला स्त्रिया राजी होणार नाहीत, हेही लेखकांनी ओळखले होते. १९५८ मध्ये सरकारी प्रमाण आले ते छातीच्या मापावर बेतलेले. त्यातला ८ क्रमांक म्हणजे छाती ३१ इंच आणि कंबर साडेतेवीस. पुढे हे प्रमाण ऐच्छिक झाले आणि १९८३ मध्ये मागे घेतले गेले. मग ब्रँडना रान मोकळे मिळाले: कपडा सैल करायचा, आकडा मात्र लहानच ठेवायचा, म्हणजे ग्राहक खूश. आजचा ८ क्रमांक १९५८ च्या ८ पेक्षा इंचांनी मोठा असतो तो यामुळेच.

मापे मोजकीच का ठेवली जातात, याचे उत्तर कटिंगच्या टेबलावर मिळते. आधी एका सॅम्पल मापाचा पॅटर्न बनतो आणि त्यावरून ग्रेडिंग करून बाकीची मापे काढली जातात. चार-पाच पायऱ्यांपुढे हे जमत नाही. कंबर वाढते त्या प्रमाणात खांद्याचे हाड रुंदावत नाही. तिथे पॅटर्न नव्याने काढावा लागतो, तो शिवून अंगावर घालून पाहावा लागतो, कापडही जास्त जाते. दोन्ही टोकांची मापे न खपता पडून राहिली की तोटा वेगळाच. दुकानदाराच्या वहीत हा हिशेब चोख आहे. ट्रायल रूममधल्या पंधरा वर्षांच्या मुलीला मात्र तो दिसत नाही. कपडा चढला नाही तर दोष आपल्या शरीराचा, असाच अर्थ ती काढते.

या प्रश्नाला कायद्याच्या चौकटीत आणण्याचा सर्वांत चिवट प्रयत्न अर्जेंटिनात झाला. तिथल्या दुकानांत तरुणींचे कपडे फार थोड्या मापांत मिळत, पुष्कळदा एकाच मापात. काही ब्रँड १, २, ३ असे आकडे लावत, पण एकाचा ३ दुसऱ्याच्या २ शी जुळेलच असे नसे. अ‍ॅनोरेक्सिया आणि बुलिमिया या आहारविकारांची चिंता त्या देशात आधीपासून जाहीरपणे बोलली जात होती. २००१ मध्ये ब्यूनस आयर्स प्रांताने १२,६६५ क्रमांकाचा कायदा केला: स्त्रियांचे कपडे विकणाऱ्या दुकानांनी किशोरवयीन मुलींच्या अंगाला बसतील अशी ३८ ते ४८ ही सर्व मापे ठेवलीच पाहिजेत. नियम यायला २००५ उजाडले. पुढे राजधानीनेही असाच कायदा केला, पण प्रत्येक प्रांताचे नियम वेगळे आणि तपासणी ढिली. शिवाय तक्त्यांतली मापे परदेशी शरीरांवरून उचललेली असल्याने सगळी मापे ठेवणाऱ्या दुकानातही कपडा बसेलच याची हमी नव्हती. अखेर २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय कायदा (क्रमांक २७,५२१) संमत झाला. त्याने देशातल्या लोकांची मापे घेऊन एकच तक्ता बनवण्याचे काम राष्ट्रीय औद्योगिक तंत्रज्ञान संस्थेकडे दिले. त्यासाठी त्रिमितीय स्कॅनर वापरले गेले.

स्पेननेही मोजणीचा मार्ग घेतला होता. आरोग्य मंत्रालयाने मोठ्या कपडे-कंपन्यांशी करार केला आणि २००८ मध्ये दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या मोजणीचे निष्कर्ष जाहीर केले. करारात दुकानातले पुतळे ३८ मापाहून बारीक नसावेत असेही कलम होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न उशिरा आला, कारण साडीला माप नसते आणि ब्लाउज शिंप्याकडे मापाचा जुना ब्लाउज देऊन शिवला जाई. कुर्ती आणि जीन्सबरोबर एस, एम, एल आले, तेही परदेशी तक्त्यांवरून. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला तो यासाठीच. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयोगटातल्या सुमारे २५,००० लोकांचे स्कॅनरने मोजमाप, अशी त्याची आखणी. भारतीय एल म्हणजे किती इंच हे अशा तक्त्यातून ठरवता येते. तो एल दुकानात ठेवलाच पाहिजे, असे बंधन मात्र त्यातून येत नाही. अर्जेंटिनाच्या पहिल्या कायद्याचा सारा भर होता तो नेमका या बंधनावर.