कोलॅजेन पावडर की नागपुरी संत्रं? त्वचेला पॉलिपेप्टाइड मिळतं कुठून?

'पेप्टाइड सीरम', 'कोलॅजेन पावडर' अशा जाहिराती सध्या दर दोन-चार रील्सनंतर दिसतात. पण पॉलिपेप्टाइड म्हणजे काय? आणि ते विकत आणून त्वचेत भरता येतं का?

पॉलिपेप्टाइड म्हणजे काय?
अमिनो आम्लं माळेतल्या मण्यांसारखी जोडली जातात. छोटी माळ म्हणजे पेप्टाइड, लांब माळ म्हणजे पॉलिपेप्टाइड. अशा माळांना ठरावीक घडी पडली की प्रथिन तयार होतं. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं असतं. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन चार माळांचं, तर केस आणि नखं केराटिनची.

त्वचेत काय घडतं?
त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजेन म्हणजे तीन पॉलिपेप्टाइडचा पीळ. ही तीनपदरी रचना १९५४ मध्ये मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडली.

संत्र्याचा संबंध काय?
हा पीळ पक्का व्हायला 'क' जीवनसत्त्व लागतं आणि ते आपलं शरीर बनवत नाही. ते फारच कमी पडलं तर स्कर्व्ही होतो. हिरड्यांतून रक्त येतं, जखमा लवकर भरत नाहीत. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं नागपुरी संत्रं हा त्याचा चांगला स्रोत आहे. हंगाम नसेल तेव्हा पेरू आणि आवळा आहेतच. त्यांच्यात तर 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त असतं.

मग क्रीम आणि पावडर?
साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू त्वचेत सहसा शिरत नाहीत. कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. त्यामुळे कोलॅजेन क्रीम वरच राहतं, फक्त ओलावा टिकवतं. सीरममधले पेप्टाइड छोटे असतात, पण त्यांचा परिणामही मर्यादितच असतो. पावडर पोटात गेली की पचून तिचे तुकडे होतात. ते चेहऱ्यावरच जातील याची खात्री नाही. काही अभ्यासांत त्वचेचा ओलावा वाढल्याचं दिसलं, मात्र त्यातल्या अनेकांना कंपन्यांचाच पैसा होता.

काय करावं?
असलेलं कोलॅजेन आधी जपा. उन्हातले अतिनील किरण आणि धूम्रपान ते तोडतात. म्हणून नागपूरच्या उन्हात दुपट्टा आणि सनस्क्रीन दोन्ही हवेत. ताटात डाळ, दूध, अंडी आणि एखादं आंबट फळ असू द्या. त्वचेचा त्रास हटत नसेल तर रीलवर विसंबू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.