बैदा रोटीत नक्की काय असतं?

2015 च्या मार्च महिन्यातली गोष्ट. आदल्या रात्री भेंडीबाजारातून आणलेली बैदा रोटी सकाळी तव्यावर गरम करून मी डब्यात घेतली होती. मधल्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा शेजारी बसणाऱ्या मॅडमनी विचारलं, "वास छान येतोय हो. आत काय असतं?" मी पटकन म्हणाले, "चिकन."

ते चिकन नव्हतं. रेड्याचा खिमा होता. त्यावर कायद्याने बंदी नव्हती. तरी त्या महिन्यात वर्तमानपत्रांत जे चाललं होतं, त्यामुळे खोटं बोलून गेले. आज त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं आहे.

जिला ही रोटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी कृती सांगते. मैद्याचा तेलात मुरलेला गोळा हातावर झुलवून कागदासारखा पातळ करायचा, तव्यावर पसरायचा, मधोमध शिजवलेला कोरडा खिमा आणि कांदा ठेवायचा, वर अंडं फोडायचं, चारही बाजूंनी घडी घालून भरपूर तेलात दोन्हीकडून खरपूस तळायचं. मग तुकडे, पुदिन्याची चटणी आणि कच्चा कांदा. रूमाली रोटीत गुंडाळलेला सीखचा रोल तिचा भाऊ म्हणावा.

आता नाव. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे माझं लक्ष पहिल्यांदा शब्दाकडे जातं. बैदा म्हणजे अरबीत अंडं. या शब्दात 'ज़्वाद' हे अक्षर आहे. फारसी बोलणारे त्याचा उच्चार 'ज' करतात आणि आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेल्या शब्दांत तोच ऐकू येतो. रमजान, काजी तर आहेतच. पण मराठीतले अर्ज, कर्ज, जप्ती, हजर आणि जिल्हा हे शब्दही मुळात ज़्वादचेच. या वाटेने आला असता तर आपला शब्द 'बैजा' झाला असता, आणि पुस्तकी उर्दूत तो तसाच आहे. मुंबईच्या मोहल्ल्यात मात्र बैदा. म्हणजे हा शब्द दरबारातून किंवा मदरशातून न येता अरबी बोलणाऱ्यांच्या तोंडून, बाजारातून आला असावा.

तसा बाजार मुंबईत होता. एकोणिसाव्या शतकात आखातातून जहाजांनी अरबी घोडे इथे यायचे आणि त्यांचे तबेले भेंडीबाजारात होते. हजला जाणारी जहाजं मुंबईहून जेद्दाला जात. हा समुद्रप्रवास 1995 पर्यंत चालू होता. हिजाझमध्ये अशीच खिमा-अंड्याची घडीची रोटी रस्त्यावर मिळते. तिथे तिला मुतब्बक, म्हणजे घडी घातलेली, म्हणतात. सिंगापूरमध्ये सुलतान मशिदीच्या समोर भारतीय मुसलमानांच्या दुकानांत तीच मुर्तबक होते.

ही रोटी खाणारे कोण होते? गोदीत राबणारे, जहाजांवरचे कोकणी खलाशी, 1857 नंतर उत्तरेतून येऊन मदनपुऱ्यात मागावर बसलेले मोमीन विणकर. बरेचसे एकटे पुरुष, एका खोलीत अनेक जण, चूल नाही. त्यांचं पोट भटारखान्यावर आणि रस्त्यावरच्या तव्यावर. थोडा खिमा, जास्त कांदा, एक अंडं आणि भरपूर मैदा, एवढ्यात एका माणसाचं जेवण व्हायचं. पुढे अपोलो बंदरला ताजच्या मागे 1946 मध्ये बडेमियांची गाडी सुरू झाली आणि मोटारीतून येणाऱ्यांनीही ही चव उचलली. तरी मूळ हिशेब गरिबाचाच होता.

म्हणूनच आत काय असायचं, तर बहुधा "बडे का". मटण, म्हणजे "छोटे का", परवडत नसे. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोहत्येला बंदी झाली. बैल मात्र दाखला घेऊन कापता येत होता. मार्च 2015 मध्ये दुरुस्ती लागू झाली आणि बैल, वळूही बंद झाले. म्हैस-रेड्याला परवानगी राहिली. मे 2016 मध्ये उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. या काळात आमच्या ओळखीच्या चाचांच्या गाडीवरची पाटी बदलली. आधी नुसतं "खीमा बैदा रोटी" होतं, मग खाली "चिकन" लिहिलं गेलं. दोन्ही मिळायच्या, पण एकीचंच नाव पाटीवर.

माझे अब्बा ही रोटी तरावीहनंतर उर्दू अखबारात बांधून आणायचे. अम्मी आधी कागद तपासायची, त्यावर अल्लाहचं नाव असेल तर तेवढा तुकडा फाडून वेगळा ठेवायची आणि मगच आम्हाला हात लावू द्यायची. आम्ही बहिणी गाडीवर कधी गेलो नाही. गाडीपाशी उभी राहून खाल्लेली पहिली बैदा रोटी मी तिशीनंतर, नवऱ्याबरोबर खाल्ली. गरम घडीचा कोपरा दाताखाली कुरकुरीत वाजतो, हे तेव्हा कळलं. पार्सलमध्ये तो नेहमी मऊ पडलेला असे.

गेल्या रमजानमध्ये त्याच मॅडमना मोहम्मद अली रोडला घेऊन गेले. मिनारा मशिदीजवळच्या गर्दीतून वाट काढत चाचांपर्यंत पोचलो. चाचा म्हणाले, "बाजी, मेहमान के लिए चिकन?" मी हो म्हटलं आणि माझ्यासाठी बडे की सांगितली. मग मॅडमना त्या डब्याची गोष्ट सांगून टाकली.

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी खाल्लं नसतं, हे खरं. पण मी कुणाला जाऊन सांगितलं असतं, असं वाटलं का तुम्हाला?" मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी तसं वाटलं होतं, हेच खरं उत्तर होतं. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आपल्या ताटलीतली चटणी माझ्याकडे सरकवली आणि कोपरा कुणाचा जास्त कुरकुरीत, यावर बोलू लागल्या.

मुंबईत सगळ्यात चांगली बैदा रोटी कुठे मिळते, असं मला नेहमी विचारतात. माझ्या खुणा तीनच. रोटी तुमच्या डोळ्यांदेखत पसरली जावी. खिमा कोरडा असावा, म्हणजे घडी ओली पडत नाही. आणि "आत काय आहे?" असं मोकळेपणाने विचारावं. चांगला गाडीवाला खरं सांगतो. मला ते जमायला बरीच वर्षं लागली.