सौंसर-पांढुर्ण्याचा मास्तर

1956 च्या ऐन दिवाळीत सौंसर तालुक्यातल्या मास्तरांचे राज्य बदलले. सुट्टीनंतर शाळा तीच, फळा तोच, बाकांवरची मुलेही तीच. पण नागपूरहून येणारा हुकूम आता भोपाळहून येणार होता. 1 नोव्हेंबरला जुना मध्य प्रदेश दुभंगला. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने बुलढाण्यापासून चांद्यापर्यंतचे आठ मराठी जिल्हे वेगळे काढले होते. ते मुंबई राज्याला जोडले गेले. आयोगाने घटक धरला तो जिल्हा. छिंदवाडा जिल्हा एकूण हिंदी, म्हणून त्याच्या दक्षिणेची, सातपुडा उतरून खाली आल्यावर लागणारी मराठी पट्टी हिंदी राज्यातच राहिली. सौंसर आणि पांढुर्णा ही त्या पट्टीची दोन मोठी गावे.

त्याआधी सहाच वर्षे, 1950 च्या कायद्याने, नागपूरच्या सरकारने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान दिला होता. 1957 मध्ये भोपाळने नवा कायदा केला, त्यात हिंदी उरली. घरात मराठी, पोळ्याला मराठी, दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रातल्या गोटमारीच्या आरोळ्याही मराठी. आणि शिक्षकाची बढती, बदली, परिपत्रक मात्र हिंदीत.

दगदगीची नोकरी सोडून माणूस पुन्हा शिकवायला लागतो, ही गोष्ट हल्ली शहरांत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. कौतुक त्याच्या धैर्याचे होते, आणि ते रास्तच आहे. पण या पट्टीचा इतिहास पाहिला की वाटते, धैर्याआधी आणखी एक गोष्ट लागते. परत येणाऱ्यासाठी शाळेत जागा असावी लागते, आणि त्या जागेवर घर चालावे लागते.

ती जागा किती पगाराची असावी, हा वाद इथे जुना आहे. सौंसर मध्य प्रांत-वऱ्हाडात होते तेव्हा रविशंकर शुक्लांनी ‘विद्या मंदिर’ योजना मांडली: गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा आणि शिक्षक दोन्ही चालावेत. 21 एप्रिल 1938 रोजी वर्ध्याला गांधीजींच्या हस्ते या योजनेचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. शिक्षकाने तुटपुंज्या मोबदल्यावर सेवाभावाने राबावे, हे त्या योजनेत गृहीतच होते. शुक्ल स्वतः खैरागडच्या हायस्कुलात मुख्याध्यापक होते आणि पुढे वकिलीत गेले. 1956 मध्ये नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्रीही तेच झाले.

उलट्या दिशेने चाललेला माणूस त्याच वर्षी नागपुरात होता. गजानन माधव मुक्तिबोध. घर मराठी, कविता हिंदी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. गजाननरावांचा जन्म 1917 चा, श्योपूरचा. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलिसांत. 1938 मध्ये बी. ए. झाल्यावर त्यांनी बडनगरच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली. मग शुजालपूरचे शारदा शिक्षा सदन, उज्जैन, जबलपूर. शाळा बदलत गेल्या, पैशाची ओढाताण तशीच राहिली. 1948 मध्ये ते नागपूरला सरकारच्या प्रकाशन आणि माहिती खात्यात आले, पुढे आकाशवाणीत गेले. सरकारी नोकर असल्याने राजकारणावर लिहायचे ते टोपणनावाने. ‘सारथी’ साप्ताहिकात ते ‘यौगंधरायण’ होते. त्यातच 1954 मध्ये त्यांनी एम. ए. केले. सदतिशीला आलेल्या, लेकुरवाळ्या माणसाने परीक्षेला बसावे, यामागे प्राध्यापकीचे दार उघडे ठेवण्याची धडपड होती, असे मला वाटते.

नागपूरची राजधानी गेली तेव्हा आकाशवाणीतले कामही भोपाळकडे सरकू लागले. मुक्तिबोध गेले नाहीत. स्वामी कृष्णानंद सोख्तांच्या ‘नया खून’ या साप्ताहिकात ते संपादनाला लागले. तिथे मोकळेपणा होता, स्थैर्य नव्हते. 1958 मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. ते कॉलेज तेव्हा जेमतेम वर्षभराचे होते, संस्थानिकाच्या राजवाड्यात भरणारे. वीस वर्षांच्या फेऱ्यानंतर मुक्तिबोध पुन्हा वर्गात उभे राहिले. आयुष्यातली त्यातल्या त्यात निवांत वर्षे हीच, आणि ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता पुरी झाली तीही इथेच. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘भारत: इतिहास और संस्कृति’ हे पुस्तक लिहिले. सप्टेंबर 1962 मध्ये राज्य सरकारने त्यावर बंदी घातली. तो घाव त्यांच्या जिव्हारी लागला. 11 सप्टेंबर 1964 रोजी दिल्लीत ते गेले. पहिला कवितासंग्रह त्यानंतर निघाला.

मुक्तिबोधांना परत येता आले, कारण 1958 मध्ये एका छोट्या गावातल्या नव्या कॉलेजातही पूर्ण पगाराची, कायम स्वरूपाची जागा होती. सौंसर-पांढुर्ण्याच्या सरकारी शाळांतही तेव्हा ‘मास्तर लागला’ म्हणजे घर मार्गी लागले.

ही जागा पातळ झाली ती 1990 च्या दशकात. राज्याने नियमित सहायक शिक्षकांची भरती थांबवली आणि तो संवर्ग ‘डाइंग कॅडर’ ठरवला: जो निवृत्त होईल त्याच्या जागी दुसरा नाही. त्याऐवजी पंचायतींमार्फत मानधनावरचे शिक्षाकर्मी आले. 1 जानेवारी 1997 पासून शिक्षण हमी योजना लागू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि 40 मुले असतील (आदिवासी भागात 25), तर गावाने मागणी करावी, सरकार 90 दिवसांत शिक्षक देईल. शिक्षकाचे पदनाव ‘गुरुजी’, मानधन सुरुवातीला महिना 500 रुपये. योजनेने हजारो वाड्या-पाड्यांत शाळा नेली, हे तिचे मोठे काम आहे आणि ते नाकारता येत नाही. परदेशातही तिचा गौरव झाला. पण पाचशे रुपयांत माणूस कसा टिकेल, हा प्रश्न त्या गौरवात दबला.

नंतरची वर्षे नावे बदलण्यात गेली. 2001 मध्ये संविदा (कंत्राटी) शिक्षक, 2007 मध्ये अध्यापक, जुलै 2018 पासून शालेय शिक्षण विभागाचा नवा संवर्ग. शिवाय रिकाम्या जागांवर अतिथी शिक्षक, एका सत्रापुरते; नियमित शिक्षक बदलून आला की त्यांचे काम संपते. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांचे मानधन दुप्पट करण्याची घोषणा झाली. वर्ग एकच्या (उच्च माध्यमिक) शिक्षकाला महिना 9,000 चे 18,000, वर्ग तीनच्या (प्राथमिक) शिक्षकाला 5,000 चे 10,000. या आकड्यांकडे पाहून नागपूर-बुटीबोरीच्या कारखान्यात शिफ्ट करणारा पांढुर्ण्याचा पदवीधर शाळेकडे कसा वळणार? मुलांना शिकवायची आच असणारे या भागात कमी नाहीत. त्यांना टिकवणारे पद कमी आहे.

त्याच पावसाळ्यात, 24 ऑगस्ट 2023 रोजी, जामसावळीच्या हनुमान मंदिराच्या कार्यक्रमात पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली, आणि ऑक्टोबरात तो राज्याचा 55 वा जिल्हा झाला. सौंसर त्यातच आहे. 1956 मध्ये जिल्हा हाच घटक धरला म्हणून ही पट्टी भाषेने एकटी पडली. आता ती स्वतःच जिल्हा आहे. ज्या वर्षी राज्ये बदलली त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350 अ आले: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा. नव्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी या कलमावर बोट ठेवून मराठी येणाऱ्या नियमित शिक्षकांच्या जागा मागाव्यात. आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकांनो, मत मागायला जो दारात येईल त्याला हे तुम्ही विचारा.