राजाची प्रजा आणि पोलीस पदक

शासनाने दिलेले पदक हे केवळ गुणगौरवाचे चिन्ह नसते. शासन कोणत्या कृत्यास शौर्य मानते, याची ती नोंदही असते. भारतातील पोलीस पदकांचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

या परंपरेचा आरंभ ७ जुलै १९०९ रोजी स्थापन झालेल्या ‘किंग्ज पोलीस मेडल’पासून होतो. त्याचे निमित्त मात्र लंडनमधले होते. त्या वर्षीच्या जानेवारीत टॉटनहॅम येथे कामगारांच्या वेतनाची रक्कम लुटून पळणाऱ्या दोघा सशस्त्र दरोडेखोरांचा पाठलाग करताना टायलर नावाचा पोलीस शिपाई मारला गेला, आणि पोलिसांच्या शौर्यासाठी स्वतंत्र पदक नसल्याची उणीव तेथे तीव्रतेने जाणवली. पदक साम्राज्यभर लागू झाले तेव्हा वर्षाकाठी १२० ही मर्यादा ठरली व त्यांपैकी ५० पदके भारताच्या वाट्यास आली. लोकसंख्येच्या मानाने हा वाटा मोठा नव्हे. तथापि फ्रेझर आयोगाने ज्या दलास भ्रष्ट व जुलमी ठरविले होते, त्याच दलाच्या शिरावर वंगभंगानंतरच्या क्रांतिकारक चळवळीस तोंड देण्याचे काम होते, हे विसरता येत नाही.

पदकाच्या मागील बाजूस ढाल-तलवार धारण केलेली आकृती होती आणि ढालीवर ‘माझ्या प्रजेच्या रक्षणार्थ’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे. टॉटनहॅमच्या रस्त्यावर त्यांचा अर्थ सरळ होता. भारतात तो सरळ राहिला नाही. कारण प्राणरक्षण व गुन्हेगारांस पकडणे यांबरोबरच सार्वजनिक अशांतता हाताळण्यातील विशेष सेवाही नियमांत पात्र धरली होती. दरोडेखोराशी झुंजणारा हवालदार आणि आंदोलन मोडून काढणारा अधिकारी यांना एकच पदक मिळू शके. शौर्य व सेवा यांचा भेद पदकावर स्पष्ट झाला तो १९३३ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १९३२ रोजी, ‘इंडियन पोलीस मेडल’ हे दुय्यम, कांस्याचे पदक निघाले. वर्षाला २०० पर्यंत. सविनय कायदेभंगाचे दुसरे पर्व नुकतेच सुरू झाले होते. या पदकावर तोच भेद येण्यास १९४४ उजाडावे लागले.

१ मार्च १९५१ रोजी प्रजासत्ताकाने राष्ट्रपतींचे पोलीस व अग्निशमन सेवा पदक आणि पोलीस पदक अशी दोन पदके स्थापन केली. राजाची मुद्रा गेली. वरिष्ठ-कनिष्ठ अशा दोन श्रेणी, शौर्य व सेवा असे दोन वर्ग ही मांडणी मात्र जवळजवळ तशीच राहिली. बदलला तो ‘प्रजा’ या शब्दाचा धनी. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात दहा पोलीस मृत्युमुखी पडले; पोलिसांचे कार्यक्षेत्र कोठवर पोहोचले होते, हे तेव्हा देशास कळले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर केवळ लाठीनिशी बंदूकधाऱ्यास भिडलेले सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचा मरणोत्तर गौरव पोलीस पदकाने नव्हे, तर अशोकचक्राने झाला.

पुढे पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवांची मिळून सोळा पदके झाली. २०२४ च्या प्रजासत्ताकदिनापासून त्यांची चार करण्यात आली. या चारही पदकांच्या नावांत ‘पोलीस’ हा शब्द नाही.