बॉनव्हिलचे दोन कार्ब्युरेटर

मोटारसायकलच्या एंजिनाची कीर्ति सर्वतोमुखीं होते. परंतु त्या एंजिनाला श्वास पुरविणारें जें मुठीएवढें भांडें त्याला जोडलेलें असतें, त्याची विचारपूस तें बिघडल्यावांचून कोणी करीत नाहीं. इंग्लंडांतील ट्रायम्फ कंपनीची ‘बॉनव्हिल’ मोटारसायकल १९५९ च्या हंगामासाठीं बाजारांत आली. तिचें मोठें वैशिष्ट्य हेंच कीं, तिला असा एक नव्हे, दोन कार्ब्युरेटर होते. आज ज्यांनीं या जुन्या गाड्या जतन केल्या आहेत, त्यांचे कित्येक रविवार या दोन भांड्यांपायीं खर्चीं पडतात.

पेट्रोल तसेंच्या तसें एंजिनांत जळत नाहीं. त्याच्या एका भागास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा मिसळावी लागते. डाइमलरनें १८८५ सालीं आपल्या लांकडी दुचाकीवर जी योजना केली, तींत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेऊन तिच्याबरोबर वाफ उचलली जाई. वाफ किती उठेल हें हवामानावर अवलंबून, म्हणजे एंजिनाचा लगाम ऋतूच्या हातीं! पुढें १८९३ च्या सुमारास जर्मनींत मायबाख यानें आणि हंगेरींत बांकी व चोंका या जोडीनें पेट्रोल बारीक छिद्रांतून तुषारांच्या रूपानें हवेंत सोडण्याची युक्ति काढली. फुलें विकणारी एक मुलगी फुलांवर पाण्याचे तुषार उडवीत होती, तें पाहून बांकीस ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तत्त्व मात्र तेंच: नळी जेथें अरुंद होते तेथें हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि पेट्रोल आपोआप वर ओढलें जातें.

इंग्लंडांत हें काम करणारे अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन कारखाने १९२७ सालीं एकत्र झाले व त्यांतून ‘अमाल’ हें नांव रूढ झालें. अमालच्या कार्ब्युरेटरांत मुठीच्या दोरीनें वरखालीं होणारी एक पोकळ दट्ट्यासारखी स्लाइड असते; ती हवेची वाट उघडते आणि तिच्याबरोबर वर येणारी निमुळती सुई पेट्रोलची वाट मोकळी करते. खालीं फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. भारतांतील जुन्या बुलेटलाही याच पद्धतीचा एक कार्ब्युरेटर असे, त्यामुळें आपल्याकडील जुन्या फिटरांस स्लाइड आणि जेट हे शब्द घरच्यासारखे आहेत.

एकानें भागत असतां दोन कां? याचें उत्तर अमेरिकेंत आहे. १९५६ सालीं जॉनी ॲलन यानें यूटा संस्थानांतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ट्रायम्फ एंजिनाचें एक निमुळतें वाहन ताशीं २१४ मैल वेगानें पळविलें. आंतरराष्ट्रीय मंडळानें तो विक्रम मान्य केला नाहीं. पण नांव झालेंच. वेगाची चटक लागलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकासाठीं एडवर्ड टर्नरच्या कंपनीनें ६४९ घनसेंटिमीटरच्या जोडसिलिंडर एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कार्ब्युरेटर दिला. याच एंजिनाची एका कार्ब्युरेटरची भावंडें शहरांतील रहदारींत अधिक सुखाची होतीं, हें खरें. पण सुखापेक्षां डौल अधिक खपतो.

आतां दोषाकडे वळूं. अमालचें अंग जस्तप्रधान मिश्रधातूचें, सांच्यांत ओतलेलें. आंतील स्लाइडही बहुधा त्याच जातीची. सारख्याच मऊ धातूचे दोन भाग रात्रंदिवस एकमेकांवर घासले कीं दोघेही झिजतात. मग फटीतून चोरून हवा शिरते आणि एंजिन मंद चालीवर कधीं भरकटतें, कधीं धापा टाकतें. बनविणाऱ्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. गाडी साठ वर्षें टिकावी अशी त्यांची अपेक्षाच नव्हती.

म्हणून जीर्णोद्धार म्हणजे नुसती धुलाई नव्हे. सगळे सुटे भाग उघडून बारीक मार्ग हवेच्या झोतानें मोकळे करावे लागतात. सुईचें जेट एक इंचाच्या १०६ सहस्रांशाचें; सुईच्या घर्षणानें तें लंबवर्तुळ झालें कीं पेट्रोल फाजील जातें, आणि तो फरक डोळ्यांस दिसत नाहीं. बोल्ट जास्त आंवळल्यानें फ्लँज वांकलेला असतो. तो कांचेवर एमरी कागद ठेवून सपाट करतात. झिजलेल्या स्लाइडवर पितळेचें आवरण चढवून अंगाचें भोंक पुन्हां गोल करून घेणें, हें खरें कसबाचें काम.

एवढें करूनही अर्धेंच काम होतें. मुठीपासून निघणारी एक दोरी दोन होऊन दोन स्लाइडींकडे जाते; दोन्ही एकाच क्षणीं हलल्या पाहिजेत. एक केसभर मागें राहिली तर एक सिलिंडर ओझें ओढतो आणि दुसरा त्याच्या जिवावर चालतो. जुने कारागीर एका प्लगची तार काढून एकेका सिलिंडरचा आवाज स्वतंत्र ऐकतात, मग दोहोंचा मेळ बसवितात. येथें मापपट्टीपेक्षां कान श्रेष्ठ.

ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना १९८३ सालीं बंद पडला. भारतांत एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषणनियम लागू झाल्यावर नव्या गाड्यांवरील कार्ब्युरेटर बहुतेक नाहींसे झाले. शिवाय पेट्रोलमध्यें मिसळलेला इथेनॉल ओलावा ओढून घेतो आणि जस्ताला पांढरी बुरशी आणतो. अमालचे नवे कार्ब्युरेटर आजही इंग्लंडांत बनतात, आणि त्यांत ॲल्युमिनियमची कठीण केलेली स्लाइड मिळते. ती अधिक टिकते, यांत शंका नाहीं. तरीही कांहीं जण जुन्या अंगावर ठोकलेला क्रमांक गाडीच्या सालाशीं जुळतो म्हणून तेंच झिजलेलें भांडें पितळ घालून वापरतात, आणि दर कांहीं हजार मैलांनीं तें पुन्हां उघडून बसतात.