सुरतेचे मिशन आणि मानवधर्म सभा

सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना या शहराचा इतिहास सांगताना शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या प्रथम आठवतात. १८४४ सालची एक घटना मात्र आपल्या बोलण्यात फारशी येत नाही. ती समजून घ्यायची तर आधी येथल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीकडे पाहावे लागते.

लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि विल्यम फायवी हे पाद्री १८१५ मध्ये सुरतेत आले. बंदराचा व्यापार तोवर मुंबईकडे वळला होता. धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर या मिशनच्या पदरी अनेक वर्षे फार थोडे पडले. पण उपदेश लोकांच्या भाषेत पोचवायचा म्हणून पाद्र्यांना गुजराती शिकावी लागली, बायबलचे भाषांतर करावे लागले, ते छापायला छापखाना घालावा लागला आणि वाचणारे तयार व्हावेत म्हणून शाळा काढाव्या लागल्या. मुंबईत फर्दुनजी मर्झबान यांनी १८१२ सालीच गुजराती छापखाना काढला होता. खुद्द गुजरातच्या भूमीवरील आरंभीच्या छापखान्यांत सुरतेचा हा मिशन छापखाना मोडतो. १८४६ मध्ये येथील काम आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. गुजराती व्याकरणकार म्हणून ज्यांचे नाव आजही घेतले जाते, ते जे. व्ही. एस. टेलर याच मिशनचे.

ही सेवा निरपेक्ष नव्हती. शाळेत अक्षरांबरोबर धर्माचा पाठ होता आणि माणसे आपल्या पंथात यावीत हा हेतू पाद्र्यांनी लपवलाही नाही. त्यामुळे एका पारशी विद्यार्थ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा शहरात खळबळ उडाली. आपली मुले शाळेत पाठवावीत की नाही, हा प्रश्न घरोघर उभा राहिला.

याच सुमारास दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे हे मुंबईकर गृहस्थ येथे दुर्गाराम मेहताजी यांचे स्नेही झाले. शाळेवर बहिष्कार घालणे सोपे होते. या मंडळींनी ते केले नाही. आपला धर्म आणि समाज दुसऱ्याच्या टीकेपुढे का डगमगतो, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास या पाच ‘द’कारी गृहस्थांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. ईश्वर एक, माणुसकी हाच धर्म, जातिभेद खोटा, असे ती उघडपणे मांडू लागली. मंत्रतंत्र करणाऱ्यांना तिने जाहीर आव्हान दिले.

दादोबा १८४६ मध्ये मुंबईला परतले. पुढे दुर्गारामांची राजकोटला बदली झाली आणि सभा मावळली. पण मुंबईत १८४९ साली निघालेल्या परमहंस सभेत दादोबा अग्रभागी होते. सुरतेत पेरलेले तेथे उगवले. ख्रिस्ती विचाराशी त्यांचा संवादही थांबला नाही. स्वीडनबॉर्ग या ख्रिस्ती तत्त्वचिंतकाच्या ग्रंथांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८७८ साली निघाले. वाचायचे, पारखायचे, पटेल तेवढे घ्यायचे आणि स्वतःच्या जागी उभे राहायचे, अशी त्यांची वृत्ती होती.

मग त्या लहान मंडळीने शहराला काय दिले? तिच्या वहीत नोंदलेल्या अनुयायांची संख्या हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. छापलेले पान एकदा बाहेर पडले की ते छापणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही. वाचायला शिकलेला मुलगा पाद्र्याचे पुस्तक वाचतो, तसेच पाद्र्याला उत्तर देणारेही वाचतो. जी सेवा घेणाऱ्याला अधिक मोकळे करते तीच टिकते, मग देणाऱ्याचा हेतू काही असो. आणि जिच्यात अट असते ती त्या अटीपुरतीच उरते.

आपणही या शहरात संख्येने थोडेच आहोत. आपली मंडळे गणेशोत्सव करतात, नाटके बसवतात, वाचनालये चालवतात. त्यांची दारे केवळ आपल्याच मुलांसाठी उघडी असतील, तर शंभर वर्षांनी त्यांची आठवणही आपल्याच घरांपुरती राहील. दादोबा परक्या भाषेच्या शहरात सहा वर्षांच्या आत-बाहेर राहिले असतील; पण गुजरातच्या समाजसुधारणेचा इतिहास त्यांचे नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही.