अलीकडच्या फाइली (मेनू)

डेस्कटॉप प्रोग्रामच्या ‘फाइल’ मेनूत नुकत्याच उघडलेल्या फाइलींची नावे दाखवणारी यादी. ताजी फाइल वर, जुन्या खाली. यादीत फाइल नसते, तिचा पत्ता (पाथ) असतो. या सोयीची बहुतेक दुखणी त्यातूनच निघतात.

रीत साधी आहे. फाइल उघडली किंवा नव्या नावाने सेव्ह केली की तिचा पत्ता यादीत आधीपासून असल्यास काढायचा, सर्वांत वर घालायचा आणि ठरलेल्या संख्येपुढचे शेपूट छाटायचे. उघडणे फसले तर नोंद नाही. पत्ते जुळवताना विंडोजवर इंग्रजी अक्षरांचा लहान-मोठेपणा धरत नाहीत. लिनक्सवर धरावा लागतो. यादी सेटिंगमध्ये लगोलग लिहावी. प्रोग्राम बंद होताना लिहू म्हटले आणि तो मध्येच कोसळला, तर नेमकी हवी असलेली नोंद जाते.

किती नावे दाखवायची याचा एक नियम नाही. मायक्रोसॉफ्टच्या एमएफसी या सी++ लायब्ररीत मुळात ४ असतात, ती १६ पर्यंत वाढवता येतात. विंडोजवर एरवी प्रत्येक प्रोग्राम आपली यादी आपल्यापुरती सांभाळतो. लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या जीटीके या लायब्ररीने २००६च्या २.१० आवृत्तीपासून सर्व प्रोग्रामांना सामाईक यादी दिली. ती एक्सबेल नावाच्या एक्सएमएल स्वरूपात साठते.

फाइल हलवली, पुसली किंवा पेनड्राइव्ह काढला की पत्ता पोकळ होतो. प्रोग्राम सुरू होतानाच सगळे पत्ते तपासणे हा उत्साही नवख्याचा उपाय. एखादा पत्ता बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हवरचा निघाला तर खिडकी उघडायलाच वेळ लागतो. क्लिक झाल्यावर तपासावे आणि फाइल सापडली नाही तर नोंद काढू का, असे विचारावे. पेनड्राइव्ह उद्या परत लागेल, म्हणून परस्पर काढू नये.

नावे दाखवण्यातही खाचखळगे आहेत. लांब पत्ता मधून तोडून टिंबे देतात, कारण ओळख शेवटच्या नावात असते. विंडोजच्या मेनूत ‘&’ हे चिन्ह पुढच्या अक्षराला अधोरेखित करून स्वतः गायब होते; ते नावात असेल तर दुहेरी लिहावे लागते. मराठी नावांची अडचण वेगळी होती. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या विंडोज प्रोग्रामांसाठी देवनागरीची कोडपेजच (अक्षरांना आकडे नेमून देणारी कोष्टके) नव्हती. त्यामुळे ‘हिशेब’ नावाची फाइल यादीत प्रश्नचिन्हांची रांग होऊन बसे आणि त्या पत्त्यावर काही उघडतही नसे.

‘यादी पुसा’ ही आज्ञा हवीच. सामाईक संगणकावर नुसत्या नावांवरूनही पुष्कळ कळते. मात्र विंडोज स्वतःही उघडलेल्या फाइलींचे शॉर्टकट ‘रिसेंट’ फोल्डरमध्ये ठेवते. प्रोग्रामातली यादी पुसली तरी ते तिथेच राहतात.